कुणाकडं, पावणं?

आमच्या बोळात नवा माणूस शिरला की पहिली काही पावलं तो निवांत चालायचा. मग वरून आवाज यायचा.

"कुणाकडं, पावणं?"

आवाज असा, की माणूस जागच्या जागी थांबायचाच. एक विमा एजंट तर बॅग खाली ठेवून दोन्ही हात वर करून उभा राहिलेला मी स्वतः पाहिलाय. मग तो बिचारा डावीकडे बघणार, उजवीकडे बघणार, आणि शेवटी मान वर केली की त्याला पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत नंदावहिनी दिसणार. एका कानात हेडफोन, दुसरा कान बोळासाठी मोकळा.

"पाटलांकडं."

"कुठल्या पाटलांकडं? दुधाच्या, वकिलाच्या, का हलगीच्या?"

"दुधाच्या."

"सरळ जावा. नळापाशी डाव्या अंगाला निळं दार. कडी वाजवू नगासा, हाक मारा. कुत्रं हाय."

घरांना नंबर आहेत, पण ते फक्त महापालिकेला ठाऊक. बोळात सगळा कारभार आडनावांवर आणि आडनावं मोजकीच. त्यामुळे वहिनींच्या खिडकीशिवाय पत्ता लागणं अवघड होतं. पण खरी गंमत पुढं आहे. तोच माणूस पुन्हा कधी आला, तर वरून आवाज यायचा नाही. वहिनी नुसती मान वळवून बघायच्या आणि पुन्हा कामाला लागायच्या.

मी एकदा विचारलं, "वहिनी, आज त्याला अडवला नाहीत?"

"अडवायचं कशापायी? तेला आता म्हायती हाय की. एकदा सांगितलं की बास. दरखेपेला इचारलं तर तेचा बी टाइम जातो आन् माझा बी."

मला बरीच वर्षं वाटायचं की ही गारगोटीची सवय. वहिनींचं माहेर तिकडचं. पुढं कळलं की वहिनी ह्याच धंद्यावर पुण्यात पगार घेत होत्या.

तर नंदावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. इंजिनियर. पुण्याच्या एका कंपनीत त्या कंपायलर बनवायच्या. कंपायलर म्हणजे माणसानं लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम. शनिवारी घरी यायच्या आणि सोमवारी पहाटेची गाडी पकडायच्या. दादा इथल्या कॉलेजात भूगोल शिकवतो आणि घरात भिंतीवरच्या नकाशासारखा गप्प असतो. पुण्याच्या ऑफिसात वहिनी आपल्या कोल्हापुरी बायकांच्या पद्धतीनं "मी जेवून आलो" म्हणाल्या की आजूबाजूचे लोक मान वर करून बघत. "बगू देत की," वहिनी म्हणायच्या, "जेवलो तर मीच न्हवं?"

एका सोमवारी त्या गेल्याच नाहीत. आमच्या आईनं पहाटे दिला तो चहा त्यांनी खिडकीत बसून प्यायला, खाली बोळाकडं बघितलं आणि म्हणाल्या, "आत्ती, आता हितंच." सासूला आमच्याकडे आत्ती म्हणतात.  आईनं रात्रीसाठी पांढऱ्या रश्शाची तयारी सकाळीच सुरू केली.

माझं म्हणाल, तर मी मराठीचा बी.ए. एका वर्तमानपत्रात मुद्रितं तपासायचो. लोकांच्या चुका काढायच्या आणि त्याचे पैसे घ्यायचे, एवढं सुखाचं काम जगात दुसरं नाही. मग वर्तमानपत्राची आमची आवृत्ती बंद झाली आणि मी घरी बसून आईचे तांदूळ निवडू लागलो. त्यातही आईनं माझ्या चुका काढल्या. अशा काळात एके दिवशी वरून हाक आली.

"भावजी, मोकळंच हायसा न्हवं? वर या."

वहिनींनी वरच्या खोलीत स्वतःचं काम सुरू केलं होतं आणि त्याची माहिती सोप्या मराठीत लिहिणारा माणूस त्यांना हवा होता. अट एकच. "तुमाला कळलं तरच लिवायचं. तुमाला कळलं म्हंजे जगात कुणालाबी कळंल."

मी खूश होऊन जिना उतरलो. खालच्या पायरीवर आल्यावर वाक्याचा अर्थ लागला.

वहिनींनी एक छोटी भाषा बनवली होती. नाव 'ठिणगी'. फाउंड्रीत, म्हणजे जिथं लोखंड वितळवून साच्यात ओततात तिथं, काम करणाऱ्या माणसानं तिच्यात सरळ मराठीत नियम लिहायचा. रस पुरेसा तापला की भट्टी कलंडव, असा. आणि भट्टी चालू असतानाच नियम बदलता आला पाहिजे, बदललेला नियम त्याच क्षणी यंत्राच्या भाषेत उतरला पाहिजे.

"बेकरीतला पाव कसा, आदल्या दिवशी भाजून ठेवत्यात," वहिनी म्हणाल्या. "आपली भाकरी? माणूस पाटावर बसला की थापायची. तव्यावरनं थेट ताटात. माझा कंपायलर भाकरीवाला हाय. जस्ट-इन-टाइम."

मी हे लिहून घेतलं आणि मला भूक लागली. पण वहिनी थांबणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या सांगायला लागल्या की उभ्या राहायच्या आणि उभ्या राहिल्या की खोली लहान पडायची.

"आता भाकरी आपली. पर 'तापमान' कोन सांगणार? ते काय आपल्या घरात ऱ्हातंय? तापमापकाचा प्रोग्राम दुसऱ्याच कंपनीचा. भट्टी कलंडवायचा तिसऱ्याचा. आपल्या नियमात नुसतं नाव हाय. बोळाच्या तोंडाला पावणा आलाय, तेला नुसतं आडनाव ठावं हाय. मग?"

"मग काय?"

"खिडकीत कोन बसलंय, भावजी?"

मी खुर्चीतून उठलोच. आयुष्यात मला संगणकातलं काही कळलेलं तो पहिला क्षण. नियमानं पहिल्यांदा 'तापमान' म्हणून हाक मारली की ती हाक आधी खिडकीशी येते. खिडकी नाव बघते, ते फंक्शन, म्हणजे नेमून दिलेलं एकच काम करणारा प्रोग्रामचा तुकडा, कुठं राहतं ते शोधते आणि पत्ता जणू पाव्हण्याच्या तळहातावर लिहून देते. पुढच्या वेळी पाव्हणा तळहात बघतो आणि थेट जातो. खिडकीशी थांबत नाही.

"वहिनी, म्हणजे हे तुम्हीच!"

"मी न्हवं. मी लिवल्याला प्रोग्राम."

"पण बसलाय तुमच्यासारखाच?"

"माझ्यापरास गप बसलाय," वहिनी म्हणाल्या. हे मात्र खरं होतं.

दुसरा धडा त्यांनी आईवर शिकवला. खालून आईची हाक आली, "सुधाकरऽ!" सुधाकर म्हणजे दादा. दादा शेजारच्याच खोलीत पेपर वाचत होता. त्यानं पान उलटायच्या आत वहिनींनी वरून विचारलं, "काय वो, आत्ती?"

"नारळ आणाय सांग त्याला."

"नारळ हाय की फडताळात. तेलाच्या डब्यामागं."

खाली फडताळाचं दार वाजलं. दादानं पान उलटलं. वहिनी माझ्याकडे वळल्या.

"बगितलंसा? हाक तेंच्या नावची. धरली मी. काम हितंच मिटलं. खरंच जरुरी असती तर मी म्होरं सोडली असती, जरा गोड करून. तेंला पत्त्या न्हाय, आत्तींना बी कळलं न्हाय."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की वहिनी घरात असल्या की आईची एकही हाक दादापर्यंत थेट पोचत नाही आणि त्याच्या चेहऱ्यावरच्या समाधानाचं मूळ ह्यात आहे.

ह्याला वहिनी 'मधे धरणं' म्हणत. नियमानं 'भट्टी कलंडव' असा हुकूम सोडला, की तो थेट भट्टीकडे जायचा नाही. मधे वहिनींचं फंक्शन त्याच नावानं बसलेलं. ते आधी बघणार, साचा जागेवर आहे का, मधे कुणी माणूस उभा नाही ना. सगळं ठीक असेल तरच खऱ्या फंक्शनकडे पुढं सोडणार.

आणि एक सोय अशी, की सगळ्याच बाहेरच्या हाका मधे धरायच्या. नियम चालतोय, पण भट्टीपर्यंत काहीच पोचत नाही. तापमानसुद्धा खिडकीच सांगते, मनाचं. ह्या प्रकाराला वहिनींनी नाव दिलं होतं 'तालीम', आणि खऱ्या भट्टीवर चालवायच्या प्रकाराला 'मैदान'. "तालमीत डाव सगळं टाकायचं, पर हाडं मोडायची न्हाईत," त्या म्हणायच्या.

एकदा मात्र तालमीतच घोटाळा झाला. पडदा गोठला, पंखा घोंघावायला लागला. मी आपला टेबलापासून दूर सरकलो. वहिनींनी डोकं खाजवलं, कोड वर-खाली केला, आणि एकदम इतक्या हसायला लागल्या की खालून आई वर आली.

"आवो, मधल्या फंक्शनला मनाच्याशी ताडून बगाय खरं तापमान इचारायचं व्हतं. तेनं काय केलं, नावानंच हाक मारली! त्या नावाचं पयलं कोन सापडणार? तेच! परत हाक, परत तेच! म्हंजे मी खिडकीतनं वाकून मलाच इचारतोय, कुणाकडं पावणं? आन् खालनं मीच सांगतोय, नंदावहिनींकडं!"

आईला कळलं नाही, पण ती पण हसली. त्या दिवसापासून मधल्या फंक्शननं खिडकीत बसायच्या आधीच खऱ्याचा पत्ता खिशात घेऊन बसायचं, असं ठरलं.

ह्या वरच्या खोलीत आणखी एक शिस्त होती. ती आईची. पूर्वी एकदा कुणाच्या तरी हातून, कुणाच्या ते जाऊ दे, मी घाबरट माणूस आहे, चहा कीबोर्डवर सांडला होता. तेव्हापासून चहा आला की संगणक बंद. आई कप हातात घेऊन दारात उभी राहायची आणि पडदा काळा झाल्याशिवाय आत यायची नाही. त्यामुळे आमची तालीम झाली की चहा, चहाला सगळं बंद, चहा झाल्यावर पुन्हा चालू करून मैदान, भट्टीच्या जागी शेगडीवरचं पातेलं आणि त्यात बुडवलेला तापमापक. हा क्रम कधी चुकला नाही. हे लक्षात ठेवा. आम्ही कुणी ठेवलं नव्हतं.

देसायांचं पण आत्ताच सांगून टाकतो. आमच्या खालच्या खोल्यांत देसाई भाड्यानं राहायचे. त्यांच्या मंजूला बघायला गगनबावड्याकडची मंडळी आली, तेव्हा बोळाच्या तोंडाशीच वरून आवाज.

"कुणाकडं, पावणं?"

"देसायांकडं."

"मंजूला बगाय आलासा व्हय? ह्यातला पोरगा कंचा?"

एका तरुणानं भीत भीत हात वर केला. वहिनींनी त्याला खिडकीतून नीट न्याहाळलं. नोकरी विचारली. घरी कोण कोण, ते विचारलं. मग म्हणाल्या, "जावा. हेच खालचं दार. पोहे गरम हायत." मुलाकडच्यांना वाटलं, मुलीची मोठी काकू असावी. पसंती झाली. पुढची बोलणी व्हायची होती, आणि दरम्यान देसायांनी बोळाच्या पार शेवटचं घर विकत घेतलं आणि तिकडं राहायला गेले.

ह्याच सुमाराला शिरोलीकडच्या एका फाउंड्रीचे मालक चाचणीला तयार झाले. त्यांना सगळे अण्णा म्हणत. ठिणगी त्यांच्या भट्टीवर नीट चालली, तर ते ती सगळ्या भट्ट्यांना लावणार होते. नाही चालली तर काय, हे वहिनींनी जेवताना सांगितलं, भाकरी मोडता मोडता.

"पुण्याच्या कंपनीचा फोन आलता. परत बोलवत्यात. चाचणीच्या दिशी संध्याकाळपतोर हो का न्हाय सांगायचं हाय."  आई रश्शाची वाटी हातात धरून बसली.

"पुणे उत्तरेला आहे," दादा म्हणाला आणि ताटावरून उठला.

भूगोलाच्या माणसाचं दुःख असं दिशेनंच बाहेर पडतं. मी वहिनींच्याबरोबर वर गेलो. खिडकीशी उभ्या राहून त्या हळू आवाजात, म्हणजे फक्त आमच्याच घराला ऐकू जाईल इतक्या, म्हणाल्या, "भावजी, मला परत ती सोमवारची गाडी न्हाय पकडायची."

चाचणीचा दिवस उजाडला. मी बरोबर कशाला, तर लिहून घ्यायला. प्रत्यक्षात मी लॅपटॉपवर ऊन येऊ नये म्हणून छत्री धरून उभा होतो. भट्टीच्या धगीपुढं उन्हाचं कुणाला काही पडलं नव्हतं, पण मला हातात काहीतरी हवं होतं.

तालीम झकास झाली. मनाचं तापमान चढलं, नियमानं हुकूम सोडला, मधल्या फंक्शननं धरला, हिरवा दिवा लागला. भट्टी जागची हलली नाही. ओतून झाल्यावर रस निवतो, म्हणून मनाचं तापमानही खाली आलं. अण्णांनी मान हलवली. चहा आला. आम्ही उभ्यानंच प्यायलो. संगणक चालूच राहिला, कारण दारात आई नव्हती.

"आता मैदान," वहिनी म्हणाल्या आणि बटण दाबलं.

भट्टी तापू लागली. भिंतीवर तापमापकाचा मोठा आकडा होता, तो चढत चालला. वहिनींच्या पडद्यावर मात्र आकडा हलेना. भिंतीवर रस लाल, मग नारिंगी, मग बघवणार नाही असा पांढरा, आणि आमचा नियम म्हणतोय, अजून निवलेलंच आहे, थांबा. मी भिंतीकडे बघू, पडद्याकडे बघू, का छत्रीत तोंड लपवू, मला कळेना.

"बाई, रस वाट बगत न्हाय," अण्णा म्हणाले. वाईट नाही, साधंच म्हणाले. "ही भट्टी आमी हातानं वतून घेतो. शेजारची तापस्तोवर टाइम हाय तुमास्नी. त्यात जमलं तर जमलं."

माणसांनी हातानं रस ओतला. शेजारची भट्टी सुरू झाली. वहिनींनी वायरी तपासल्या, तापमापक तपासला. तो चोख होता. वहिनींचा आवाज हळूहळू बारीक होत चालला, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. तेवढ्यात माझ्या खिशातला फोन वाजला. आई.

"सदा, देसायांचं पावणं आपल्या सोप्यात येऊन बसल्यात!"

"आई, मी आत्ता..."

"सगळी गगनबावड्याची मंडळी. तडक आत आली. पोराची आई, मागल्या खेपेला आली न्हवती ती, माझ्या पाया पडली आन् मला विहीणबाई म्हणाली! मी काय करू?"

"सांग की, देसाई शेवटच्या घरात गेले म्हणून."

"सांगितलं. पर आधी पोहे केलं. दारात आलेल्यास्नी तसंच घालवू व्हय?"

मी फोन ठेवला. वहिनींनी माझा चेहरा बघितला. "काय झालं?"

"काही नाही. देसायांचे पाव्हणे आपल्या घरात शिरलेत."

"भावजी! हितं भट्टी पेटलीया आन् तुमी मला पावण्यांचं..." आणि वहिनी थांबल्या. "कंचं पावणं?"

"तेच. मंजूचे. गगनबावड्याचे."

"मग इचारलं न्हाय त्यास्नी कुणी?"

"विचारणार कोण? खिडकीत तुम्ही नव्हता."

"मी असतो तरी इचारलं नसतं," वहिनी सावकाश म्हणाल्या. "दुसऱ्यांदा आल्यात ती. तेंच्या तळहातावर जुनंच दार हाय."

त्या पडद्याकडे बघत राहिल्या. मग भट्टीच्या आवाजावर चढून एक आरोळी आली. आख्खी फाउंड्री मागं वळली.

"भावजीऽऽ! देसाई हललंऽऽ!"

"कोण देसाई?" अण्णांनी मला विचारलं. मी छत्री मिटली.

वहिनींच्या तोंडून शब्द फुटाण्यासारखे उडायला लागले. तालमीत नियमानं तापमान विचारलं, तेव्हा खिडकीनं त्याला मनाच्या तापमानाचा पत्ता दिला. मैदानाचं बटण दाबल्यावर खिडकीनं आपल्याकडची नोंद बदलली, आता खरा पत्ता सांगायचा. पण सांगणार कुणाला? नियम खिडकीशी येतोच कशाला? एकदा सांगितलं की बास! तो आपला तळहात बघून थेट जुन्या दारात जाऊन बसलाय, पोहे खात!

"घरी का न्हाय झालं कदी? आत्तींचा चा! दरखेपेला मशीन बंद, की तळहात कोरं! आज हितं चा झाला, पर बंद कुणी केलं न्हाय!"

"म्हणजे आईनं चहा दिला असता तर..."

"तर मला कदी कळलंच नसतं! एखाद्या दिशी भर कामात कळलं असतं, आन् मग बगा!" वहिनी बसल्या आणि टायपायला लागल्या. दार बदललं की ज्याला ज्याला जुना पत्ता दिलाय त्याचा तळहात पुसायचा. पुन्हा सगळ्यांनी खिडकीशी यायचं, पुन्हा विचारायचं. एवढंच. काम थोडकं होतं. शेजारच्या भट्टीला मात्र ते माहीत नव्हतं, ती तापतच होती.

"पुसलं," वहिनी म्हणाल्या. पुन्हा तालीम. आकडा मनाचा. आणि मग, बंद न करता, मैदान.

पडद्यावरचा आकडा थबकला. उडी मारली. भिंतीवर जो होता तोच झाला. दोन्ही आकडे हातात हात घालून चढायला लागले आणि मी काय ओरडलो ते मला आठवत नाही. आता घरी ही गोष्ट सांगताना मी दरवेळी वेगळं सांगतो आणि पुढं लग्न होऊन आलेली माझी बायको दरवेळी उठून आत जाते.

रस तयार झाला. नियमानं हुकूम सोडला, 'भट्टी कलंडव'. मधल्या फंक्शननं धरला.

आणि सोडेना. लाल दिवा.

 वहिनींनी पडद्यावर बघितलं आणि मान वर केली. भट्टीच्या पुढ्यात, आखलेल्या पट्ट्याच्या आत एक माणूस उभा होता. नीट बघायला म्हणून उत्साहाच्या भरात पुढं गेलेला.

"कुणाकडं, पावणंऽ?" वहिनी कडाडल्या.

अण्णा दचकून मागं सरले. पट्ट्याबाहेर त्यांचं पाऊल पडलं, लाल दिवा हिरवा झाला आणि भट्टी, कुणी हात न लावता, सावकाश कलंडली. पांढरा रस साच्यात अशा शिस्तीत उतरला, जणू त्याला पत्ता पाठ होता. ठिणग्या उडाल्या. मागच्या कुणीतरी शिट्टी घातली. वहिनी उभ्याच होत्या आणि पदरानं तोंड पुसत होत्या. घाम होता म्हणायचा.

अण्णांनी वाकून साचा बघितला. मग म्हणाले, "माझ्याच कारखान्यात मला पावणं म्हणालीस, बाई."

"मधी हुभारलासा म्हून म्हणालो."

"बरं केलंस. सगळ्या भट्ट्यांस्नी लाव."

वहिनींनी फोन काढला. मला वाटलं, पुण्याला लावतायत. पण पहिला फोन कॉलेजात गेला. तास चालू होता की काय, दादानं कसा उचलला देव जाणे. वहिनी एकच वाक्य बोलल्या.

"आवो, उत्तरेला न्हाय जायचं."

 त्या दिवशी संध्याकाळी दादानं आईची हाक स्वतः ऐकली, स्वतः उठला आणि नारळ घेऊन आला. घरात नारळ होता. आईनं नवा त्याच्याशेजारी ठेवला.

एकाच्या सांगण्यावरून दुसरा कारखानदार येत गेला आणि वरची खोली पुरेना. शेवटी वहिनींनी हातकणंगल्याजवळ मोठी जागा घेतली, खाली काम आणि वर घर. आई म्हणाली, मी बोळ सोडून येणार नाही, येऊन-जाऊन राहीन. दादानं फक्त एवढंच सांगितलं, की हातकणंगले पूर्वेला आहे, किंचित ईशान्येकडे. आवाजात आनंद होता.

सामान निघालं त्या दिवशी टेम्पो बोळाच्या तोंडाशी उभा होता. मागं कपाटाशेजारी दादा, मांडीवर पृथ्वीचा गोल. पुढं वहिनी. त्यांचा हेडफोन खिडकीतच राहिला म्हणून मी वर गेलो होतो. खोली रिकामी झाली होती, नुसती ती खुर्ची होती. हेडफोन घेतला आणि सहज खाली बघितलं.

कुरिअरवाला बोळात शिरत होता. जुना, नेहमीचा. हातात खोकं. टेम्पोला वळसा घालून, मान खाली घालून तो सरळ आमच्या जिन्याकडे निघालेला. त्याला माहीत होतं. वहिनींनी फार पूर्वीच एकदा सांगितलं होतं.

मी खुर्चीत बसलो, खिडकीतून वाकलो आणि ओरडलो. आवाज मधेच फाटला.

"कुणाकडं, पावणं?"

तो थांबला. मान वर करून माझ्याकडे बघितलं. "नंदावहिनींकडं. म्हायती हाय की मला."

"न्हाय म्हायती," मी म्हणालो. "हलल्यात त्या."

टेम्पोच्या काचेतून एक हात बाहेर आला. मग डोकं. वहिनी मान उलटी करून वर बघत होत्या, आणि त्यांचा तो आवाज आख्ख्या बोळातून घुमत वर आला.

"भावजीऽ! आता उठू नगासा तिथनं!"